ओपलच्या नावावरची गाडी

लपीअरच्या किराणा दुकानात, बाहेर पडायच्या दाराशेजारी एक फळा आहे. मांजराची पिल्लं फुकट, जळाऊ लाकूड, हरवलेला कुत्रा, असल्या चिठ्ठ्या त्यावर टाचलेल्या असतात. एल्डन स्कोव्हिल दर आठवड्याला तिथं पाच मिनिटं उभा राहायचा आणि त्याची बायको नॅडीन सामान घेऊन त्याच्यामागं ताटकळत राहायची. २०११च्या नोव्हेंबरात, पहिल्याच आठवड्यात, त्याला तिथं एक रेघी कागद दिसला. बाईचं गोल अक्षर होतं. 'ब्यूक रीगल, १९८७, दोन दारांची, काळी. वेग घेतला की शिट्टी वाजते. ज्याला गाडीतलं खरंच कळतं त्यानंच फोन करावा.'

नॅडीननं त्याच्या खांद्यावरून वाचलं. "शिट्टी वाजणारी गाडी कोण घेणार? चहाची किटली आहे की काय?"

एल्डन हसला नाही. शिट्टी म्हणजे टर्बो, इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा. त्या वर्षीच्या हजारो काळ्या रीगल साध्या इंजिनाच्या होत्या, आणि मोजक्या अशा होत्या की हिरवा दिवा लागताच शेजारच्या गाडीतल्या माणसाला तोंड मिटायला वेळ मिळायचा नाही. पाँटिअ‍ॅक गावच्या ज्या कारखान्यात त्या बनल्या, तिथं एल्डन शेवटच्या तपासणीला होता. त्यानं त्या गाड्यांची दारं उघडून मिटून पाहिली, दिवे पाहिले, आणि त्या दुसऱ्यांकडे जाताना पाहिल्या. तेव्हा दोन पोरं होती, घराचे हप्ते होते. आता पोरं लांब गेली होती, गुडघा गेला होता, पण ती गाडी काही डोक्यातून गेली नव्हती.

त्यानं संध्याकाळी फोन लावला.

"तुम्हाला गाडीतलं कळतं?" पलीकडची बाई थेट म्हणाली.

"बाई, ती गाडी बनवायच्या कारखान्यात मी बावीस वर्षं काढलीत."

"म्हणजे नंबर वाचता येतात? आतले, लपलेले?"

"आकडा न् आकडा."

"मग पंधरा तारखेला या. सकाळी दहाला. आधी नको आणि उशीरही नको. पंचवीसशे डॉलर, रोख."

एल्डननं लगेच हो म्हटलं. गाडी त्याला वाटत होती तीच असेल, तर ती याच्या दसपट किमतीची होती. तो स्वतःला सरळ माणूस समजायचा. फोन ठेवल्यावर त्यानं स्वतःला सांगितलं की किंमत बाईनंच सांगितली, आपण नाही. तरी ही गोष्ट त्यानं नॅडीनला सांगितली नाही.

नॅडीनला तारीखच खटकली. "पंधराला शिकारीचा पहिला दिवस. राज्यातला झाडून सगळा पुरुष रानात असतो. नवरा घरात नसताना बोलावतेय तुला ती. जप हं, साठीनंतरही माणसं वाया जातात."

पंधरा तारखेला तो ट्रेलर जोडून पहाटेच निघाला. उत्तरेकडे जावं तसा रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकांचा आणि नारिंगी कोटांचा मेळा वाढत गेला. ऑ साबल नदी ओलांडल्यावर डांबर संपलं. पाइनच्या झाडांतून कधी जवळून, कधी लांबून बंदुकीचे बार ऐकू येत होते. टपालपेटीवर 'बायर्स' हे नाव दिसल्यावर तो आत वळला.

ओपल बायर्स अंगणातच उभी होती. पासष्ट-सहासष्टची, काटकुळी, अंगात पुरुषी जाकीट आणि खाली स्वयंपाकाचा एप्रन. तिनं कॉफी विचारली नाही, हातही पुढं केला नाही. एल्डनच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "कोठारात आहे. माझा नवरा बाराच्या आत यायचा नाही. तेवढ्यात बघा."

पत्र्याच्या कोठारात ताडपत्रीखाली गाडी होती. एल्डननं ताडपत्री ओढली. काळा रंग अजून तजेलदार होता. कुणीतरी ही गाडी वर्षानुवर्षं प्रेमानं पुसली होती. बॉनेटचा उंचवटा बरोबर होता. त्यानं बॉनेट उचललं, तर पुढच्या बाजूला टर्बोचा शंख जागच्या जागी. मग खिशातून छोटं चुंबक काढून, गुडघा सांभाळत, तो मागच्या चाकाशी बसला. चाकाच्या फटीतून त्यानं चुंबक ब्रेकच्या ड्रमला लावलं. ते टपकन खाली पडलं. लोखंड असतं तर चिकटलं असतं. मागच्या बंपरच्या आतही तेच. वजन कमी करायला अ‍ॅल्युमिनियम वापरलेल्या या गाड्या एकाच वर्षी निघाल्या होत्या, दीड हजारांच्या आसपास. वरून कुणाला ओळखू येत नाहीत.

"तीच आहे का? टर्बोवाली?" ओपलनं विचारलं. ती दारातच उभी होती, तोंड रस्त्याकडे.

"आहे बुवा." पंचवीसशे डॉलर त्याच्या छातीशी खिशात होते. उरलं होतं ते फक्त काचेखालच्या पट्टीवरचा नंबर पाहणं. त्यानं बाही फिरवून काच पुसली आणि टॉर्च धरला.

आठव्या जागी सात हवा होता. तिथं 'ए' होता. 'ए' म्हणजे साधं इंजिन. त्यानं पुन्हा पाहिलं. मग पट्टीच्या दोन टोकांची रिव्हेट पाहिली. कारखान्यातली रिव्हेट पाकळ्यांच्या फुलासारखी असते. ही गोल होती, कुठल्याही दुकानात मिळणारी.

"काय झालं?"

"ही पट्टी या गाडीची नाही, बाई. दुसऱ्या गाडीची काढून इथं ठोकलीय कुणीतरी."

बाई दचकेल, नाही नाही म्हणेल असं त्याला वाटलं होतं. तिनं फक्त मान हलवली. "मग हिचा खरा नंबर कुठला?"

त्यानं डिकी उघडली. झाकणाच्या आत नंबराचा कागद चिकटवलेला असतो. तिथं पात्यानं खरवडल्याचे ओरखडे होते, बाकी काही नाही. "काढून टाकलाय."

"म्हणजे आता कळायचंच नाही?" तिचा आवाज पहिल्यांदा फाटला.

एल्डननं तिच्याकडे नीट पाहिलं. गाडी विकणाऱ्या बाईचा हा आवाज नव्हता. इथून निघून जावं असं त्याच्या मनात आलं. पण जुन्या सवयीनं हात पुढं झाले; गाडीला मागचं दार नव्हतं, म्हणून पुढची सीट वाकवून तो आत सरकला.

"एक जागा राहिलीय. गाडी बनत असताना तिच्याबरोबर एक कागद फिरायचा. काम संपलं की तो कुणी फेकायला जात नसे. मागच्या सीटच्या स्प्रिंगात कोंबून द्यायचे."

त्यानं मागची सीट उचकटली. उंदरांचं घरटं, एक पेन्सिल, दोन नाणी. आणि स्प्रिंगांच्या मधे, घडी करून दाबलेला, कडांनी कुरतडलेला कागद. तो त्यानं तळहातावर अलगद उलगडला.

ओपल जवळ आली होती. तिनं एप्रनच्या खिशातून विम्याचं एक जुनं कार्ड काढलं. "वाचा. हळू वाचा."

तो वाचत गेला. प्रत्येक अक्षराबरोबर तिचं बोट कार्डावर पुढं सरकत होतं. आठव्या जागी सात आला. सतरावा आकडा संपला तेव्हा बोट कार्डाच्या कडेला येऊन थांबलं होतं, आणि तिथंच राहिलं.

"पुन्हा वाचू?"

"नको." तिनं कार्ड खिशात ठेवलं. "लेलंड माझा धाकटा भाऊ. ही त्याची गाडी, कार्डही त्याचंच. अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात थेरॉन, माझा नवरा, मला म्हणाला, 'गेला तुझा भाऊ वायोमिंगला, तेलाच्या विहिरींवर. तुला भेटायलासुद्धा थांबला नाही.' माझी स्वतःची रीगल होती, निळी, साधी. हरणाला धडकली म्हणून थेरॉननं ती गॅरेजला दिली होती. महिन्यानं ही घेऊन आला. म्हणाला, 'इंजिन बदललं, काळा रंग दिला, तुझीच आहे.' मी आत बसले तर लेलंडच्या सिगारेटचा वास आला. तेवीस वर्षं झाली. मी स्वतःला सांगत राहिले की वासच तो, वासाचं काय."

"तुम्ही पोलिसांना..."

"काय सांगू? वास आला म्हणून? कागद माझ्या नावावर, पट्टीवर नंबर माझा. लांबलांबच्या गावांत चिठ्ठ्या लावल्या मी. आधी चार जण येऊन गेले गाडी बघायला. एकालाही काही दिसलं नाही."

रानात बार झाला, या वेळी फारच जवळ. मग खडीवर चाकं वाजली. ओपलचा चेहरा राखेसारखा झाला. "लवकर आला. कागद आत घाला. सीट दाबा, दाबा."

एल्डननं कागद शर्टाच्या आत सारला आणि गुडघ्यानं सीट जागेवर बसवली.

थेरॉन बायर्स दारात आला तेव्हा कोठारातला उजेड अर्धा झाला. सत्तरीचा असला तरी माणूस दाराएवढा होता. नारिंगी कोट, कोपरापर्यंत वाळलेलं रक्त, हातात रायफल. मागं ट्रकमध्ये मेलेल्या हरणाचे पाय वर आलेले दिसत होते.

"पाहुणे आलेत," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं नाही."

"हे लपीअरचे. गाडी घ्यायला आलेत," ओपल म्हणाली.

"गाडी विकायची नाहीये."

"विकायचीय. घराचं छप्पर गळतंय. तूच म्हणालास ना, तुझीच गाडी दुरुस्त करून आणली म्हणून? माझ्या नावावर आहे. मी विकतेय."

थेरॉननं तिच्याकडे बघितलं नाही. तो एल्डनकडे बघत होता. "काय दिसलं मग तुम्हाला? जाणकार दिसता."

एल्डनच्या छातीशी कागद खरखरला. बावीस वर्षं त्यानं चांगल्या गाडीला चांगली आणि वाईट गाडीला वाईट म्हटलं होतं. आज पहिल्यांदाच त्याला उलटं बोलायचं होतं.

"खरं सांगू? निराशा झाली," तो म्हणाला. "चिठ्ठी वाचून मला वेगळंच वाटलं होतं. ही साधीच निघाली. बॉनेट दुसरं बसवलंय, इंजिनही कुठून तरी आणून टाकलंय. नंबर साधाच आहे. पण आता एवढं पेट्रोल जाळून आलोय, तर सुट्या भागांसाठी नेतो."

"सुट्या भागांसाठी!" थेरॉनच्या गालाची शीर उडाली. तेवीस वर्षं त्यानं ती पुसली होती. पण ही साधी नाही असं तो कुठल्या तोंडानं म्हणणार? त्यानं ओठ आवळले, मग हळूच हसला. "न चालवता कुणी गाडी घेतं का? चला, मी दाखवतो."

तो शेजारच्या सीटवर बसला आणि रायफल दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली. ओपल कोठाराच्या दारात उभी राहिली. आरशात ती लहान होत गेली.

थेरॉन डावीकडे वळ, उजवीकडे वळ एवढंच सांगत होता. रस्ता अरुंद होत झाडांत शिरला. मधे एक सरळ, कडक पट्टा आला. "दाब," थेरॉन म्हणाला. एल्डननं पाय दाबला. आधी काही झालं नाही, मग पुढून बारीक शिट्टी उठली आणि गाडीनं दोघांना पाठीमागं चेपलं. चोवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच.

"ऐकलीस?"

"इंजिनाचा पट्टा सैल असेल," एल्डन म्हणाला.

थेरॉन नाकातून हसला. त्याच्या तोंडचं 'तुम्ही' गळून पडलंय हे एल्डनच्या ध्यानात आलं.

रस्ता एका जुन्या खडीच्या खाणीशी संपला. खाण पाण्यानं भरलेली. काठाला बर्फाची पातळ साय, मधे पाणी काळं. "थांबव. इंजिन बंद कर."

बंद केल्यावर इतकी शांतता झाली की तापलेलं लोखंड टिकटिकताना ऐकू येत होतं.

"माझा मेहुणा इथं मासे धरायला यायचा," थेरॉन म्हणाला. "फार बोलायचा. नदीकाठची जमीन, माझा वाटा, तुझा वाटा. पाणी किती खोल असेल इथं, सांग बघू?"

"मी काय सांगणार? मी मासे धरत नाही."

"ओपल काय म्हणाली तुला?"

"छप्पर गळतंय म्हणाली."

"अजून?"

"अजून काही नाही. घासाघीस करू देईना, एवढंच."

थेरॉननं रायफल एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. एल्डनला नॅडीनची आठवण झाली. तिला गावाचं नावसुद्धा त्यानं नीट सांगितलं नव्हतं. तेवढ्यात खाणीच्या पलीकडच्या झाडीतून दोन नारिंगी कोट बाहेर आले. त्यातल्या एकानं हात उंचावला.

"ए थेरॉन! मिळालं का काही?"

थेरॉन बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग काच खाली केली. "आठ फाट्यांच्या शिंगांचा नर! सकाळीच!"

"नशीबवान आहेस लेका! आम्ही इथंच बसतोय दिवसभर!"

काच वर गेली. "वळव गाडी," थेरॉन म्हणाला.

परत आल्यावर ओपलनं कागद सही करून ठेवले होते; एल्डननं पैसे मोजून दिले. थेरॉन ट्रकमधलं हरीण अंगणातल्या फांदीला टांगू लागला. एल्डन ट्रेलरवर चाकांना पट्टे आवळत होता, तेव्हा ओपल पलीकडून वाकून पट्टा धरायला आली.

"माझ्याबरोबर चला. आत्ता, अशाच," तो पुटपुटला.

"मी निघाले तर या रस्त्याच्या टोकापर्यंतसुद्धा तो आपल्याला जाऊ देणार नाही," ती तितक्याच हळू म्हणाली. मग मोठ्यानं, "सावकाश जा हं! हरणं बिथरलेली असतात आज."

थेरॉन सुरी पुसत आला. "काही अडलं तर मला फोन कर. बाईला नको. लपीअर ना? लहान गाव आहे. सापडशील."

पहिले सहा मैल एल्डनच्या मागं एक ट्रक होता. तो थेरॉनचा होता की नाही हे त्याला कधीच कळलं नाही. तो वळून गेल्यावर एल्डन थेट शेरीफच्या कचेरीत गेला. तिथं त्या दिवशी फोन थांबत नव्हते. कुणाच्या पायात गोळी, कुणी वाट चुकलेलं. टेबलामागच्या तरुणानं त्याला बसायला सांगितलं. एल्डन बसला नाही. त्यानं कुरतडलेला कागद टेबलावर उलगडून ठेवला आणि म्हणाला, "तेवीस वर्षांपूर्वी लेलंड नावाचा माणूस वायोमिंगला गेला असं इथं कुणाच्या कानावर आहे का?" आतल्या खोलीतून एक वयस्कर अधिकारी बाई उठून बाहेर आली. ती लेलंडच्या वर्गात होती.

शेरीफची माणसं पोहोचली तेव्हा ओपल अंगणात, टांगलेल्या हरणाशेजारी खुर्ची टाकून बसली होती. थेरॉन नव्हता. रायफल नव्हती.

"तो म्हणाला, तू त्याला काहीतरी दिलंस," तिनं सांगितलं. "मी म्हटलं, मी काही दिलं नाही. कागद गाडीतच होता, तू ज्या गाडीत रोज बसायचास तिच्यात. मग त्यानं रायफल उचलली आणि गेला."

पाणबुड्यांना चार दिवस लागले. खाणीच्या तळाशी निळी रीगल होती. नाकावर हरणाच्या धडकेचा पोचा तसाच होता, काचेखालची नंबरपट्टी नव्हती, आणि आत लेलंड होता.

थेरॉन अकरा दिवस सापडला नाही. ते अकरा दिवस नॅडीननं रोज दाराला खुर्ची टेकवली, आणि फोन वाजला की दोघंही एकमेकांकडे बघायची. बाराव्या दिवशी चाळीस मैलांवरच्या एका पेट्रोल पंपावर थंडीनं बोटं काळी पडलेला एक म्हातारा आत आला, कॉफी घेतली, पैसे दिले आणि गल्ल्यावरच्या बाईला म्हणाला, "शेरीफला सांग, बायर्स बसलाय इथं." त्यापुढं खटला संपेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. लोक जमिनीचं बोलत. ओपल म्हणायची, जमीन तर होतीच, पण गाडीवरही त्याचा डोळा होता.

गाडी दोन वर्षं पुरावा म्हणून सरकारी आवारात राहिली. मग भावाची वारस म्हणून कोर्टानं ती ओपलला दिली, या वेळी तिच्या खऱ्या नंबरानं. तिनं एल्डनला बोलावलं. ती आता चुलतबहिणीकडे राहत होती. या वेळी तिनं कॉफी ठेवली, आणि शेजारी त्याचे पंचवीसशे डॉलर.

एल्डननं कप खाली ठेवला. "ओपल, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मी तुम्हाला फसवायला आलो होतो. गाडी दसपट किमतीची होती, आणि मला ते फोनवरच कळलं होतं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पंचवीसशे म्हटल्यावर तुम्ही एक डॉलरही कमी करा म्हणाला नाहीत. तेव्हाच कळलं, याला खरंच कळतं." तिनं त्याच्यापुढं साखर सरकवली. "आता खरी किंमत सांगा."

त्यानं सांगितली. ती त्याला परवडणारी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. इंडियानाचा एक दंतवैद्य आला, त्याला ओपलनं स्वतः सगळी हकिगत सांगितली, खाणीसकट. तो टोपी काढून ऐकत राहिला आणि शेवटी गाडी घेऊन गेला.

त्या पैशातून ओपलनं लेलंडसाठी दगड करून घेतला. मे महिन्यात तो बसवला, तेव्हा एल्डन आणि नॅडीन गेले होते. दफनभूमीत वारा होता. दगड कोरणाऱ्यानं दुसरं साल नक्की कुठलं घालायचं म्हणून विचारलं होतं, कारण मृत्यूच्या सरकारी दाखल्यावर लेलंड सापडल्याचं साल होतं. ओपलनं अठ्ठ्याऐंशी सांगितलं. नॅडीननं तिचा हात धरला आणि तिघंही दगडाशी उभी राहिली.